टक्का कुठला, गट कुठला, बँक कुठली?

प्रश्न पाठवणारे कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या तालमीचे कार्यकर्ते आहेत. गणपतीच्या वर्गणीतून यंदा बऱ्यापैकी रक्कम शिल्लक राहिली. ती पुढच्या वर्षीच्या डॉल्बीत घालण्यापेक्षा भागातल्या बायकांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी आर्थिक साक्षरतेचा कार्यक्रम घ्यावा, असं काही पोरांचं म्हणणं आहे. वक्ता कोण आणावा, किती दिवस ठेवावं आणि मुलांना काय शिकवावं, हे त्यांनी विचारलंय.

मी एकवीस वर्षं सहकारी बँकेत काढली, आधी काउंटरवर आणि मग कर्ज विभागात. गेली चौदा वर्षं करवीर, शिरोळ, कागलमधल्या गावांत आणि शहरातल्या काही भागांत असे वर्ग घेतेय. वक्त्याचं शेवटी बघू. आधी माझा पहिला वर्ग कसा फसला ते ऐका.

मोठा हॉल, मागं फ्लेक्स, समोर सव्वाशे बायका, बाहेर वडा आणि चहा. एका बँकेतले साहेब आले. पडद्यावर आलेख दाखवले, चक्रवाढ सांगितली, महागाई सांगितली, म्युच्युअल फंडावर अर्धा तास बोलले. टाळ्याही झाल्या. खुर्च्या आवरताना एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सायेब लई चांगलं बोललं वो बाई, पण माझा हप्ता मंगळवारी हाय. त्येचं काय करू?" त्या हप्त्याबद्दल दोन तासांत एक शब्द निघाला नव्हता. ती ज्या कर्जाचा हप्ता भरत होती त्याचा व्याजदर तिला माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही विचारला नव्हता.

तेव्हापासून मी "बचतीचं महत्त्व" हा विषय काढून टाकला. कोल्हापूरच्या बाईला बचत शिकवायला निघालेला माणूस बहुधा असा पुरुष असतो, ज्याला स्वतःच्या घरात डाळीच्या डब्यात किती पैसे आहेत हे ठाऊक नसतं. इथं भिशी आहे, बचत गट आहे, पतसंस्थेची पिग्मी आहे, गुजरीतल्या सोनाराकडं महिन्याला भरलेले पैसे आहेत. पैसे बाजूला पडतात. अडतं ते शब्दांपाशी. आपण रोज वापरतो त्या शब्दांचे इथं दोन-दोन अर्थ आहेत आणि नुकसान नेमकं त्या फटीतून होतं.

पहिला शब्द टक्का. गल्लीत "पाच टक्क्यानं पैसे घेतले" म्हटलं की ते महिन्याचे पाच टक्के असतात. दहा हजाराला महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. बँकेचे दहा टक्के वर्षाचे असतात. मी वर्गात विचारते, पाच टक्के स्वस्त की दहा टक्के? पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त हात पाचला वर होतात. या बायका अडाणी नाहीत. हाच शब्द त्या लहानपणापासून महिन्याच्या हिशोबात ऐकत आल्यात आणि बँकेतल्या कुणी "आमचा टक्का वर्षाचा बरं का" असं कधी सांगितलेलं नाही. मीही एकवीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

यापुढची पायरी मी चिंचोक्यांनी शिकवते. प्रत्येकीपुढं दहा चिंचोके. एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. दहा हजारांचं कर्ज, दहा महिने, महिन्याला दोन टक्के. दर महिन्याला एक चिंचोका परत माझ्या डब्यात टाकायचा आणि व्याज बाजूला लिहायचं. पहिला हिशोब असा की हातात उरलेल्या चिंचोक्यांवरच व्याज: २००, मग १८०, मग १६०, असं शेवटच्या महिन्यात २०. बेरीज ११००. दुसरा हिशोब असा की व्याज कायम सुरुवातीच्या दहा चिंचोक्यांवर: दर महिन्याला २०० प्रमाणे दहा महिन्यांचे २०००. टक्का तोच, मुदत तीच, फरक ९०० रुपयांचा. बँकेची माणसं पहिल्याला रिड्युसिंग आणि दुसऱ्याला फ्लॅट म्हणतात. शिरोळ तालुक्यातल्या एका वर्गात एक आक्का शेवटचा चिंचोका हातात धरून बराच वेळ बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हंजे परत दिल्याल्या चिंचोक्याचं बी भाडं भरतोय व्हय आमी?" अगदी तेच. मला फ्लॅट व्याजाची यापेक्षा नेमकी व्याख्या अजून सापडलेली नाही.

मग त्यांनी आपापली कर्जाची कार्डं काढायची. सगळ्यांना आधीच सांगितलेलं असतं की येताना घरातला एक तरी कागद आणा: पासबुक, कर्जाचं कार्ड, विम्याची पावती, ठेवीची पावती, काहीही. कार्डावर चार गोष्टी शोधायच्या. कर्ज किती लिहिलंय, हातात प्रत्यक्ष किती पडले, हप्ता किती, एकूण किती हप्ते. पहिल्या दोन आकड्यांत फरक असतोच. प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापलेला असतो. एकीच्या कार्डावर ४०,००० होते आणि हातात पडले होते ३८,६००. ती दोन वर्षं समजत होती की १,४०० रुपये गटाच्या अध्यक्षीण बाईंनी खाल्ले. दोघी शेजारणी, बोलणं बंद. कार्ड वाचलं आणि त्याच दुपारी भांडण मिटलं. कर्ज फिटायला अजून सात महिने लागले, ती गोष्ट वेगळी.

आता गट. हा शब्द सगळ्यात घोटाळ्याचा. बचत गटात दहा-वीस जणी दरमहा पैसे जमवतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात आणि त्या कर्जाचं व्याज परत गटाच्याच खात्यात येतं. नाबार्डनं १९९२ पासून अशा गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. फायनान्स कंपनीचा गट वेगळा. तिथं पाच-दहा जणी फक्त एकमेकींना जामीन असतात, पैसा कंपनीचा, व्याजही कंपनीला. दोन्हीला आपल्याकडं "गटाचं कर्ज" म्हणतात. एका वर्गात मी विचारलं, तुमच्या गटाचं व्याज जातं कुठं? नऊ जणी म्हणाल्या, "गटातच की." कागद काढले तर त्यातल्या सहा जणींचं कंपनीला जात होतं.

फायनान्स कंपन्या वाईटच असतात असं मी सांगत नाही. सावकाराच्या पाच टक्क्यांपेक्षा त्या खूपच स्वस्त पडतात, आणि बँक ज्या बाईला दारात उभं करत नाही तिला त्या कर्ज देतात. पण नियम माहीत हवेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांच्या अशा छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केले. त्यासाठी काहीही गहाण ठेवायचं नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला यायचं नाही. हे शेवटचं वाक्य सांगितलं की वर्गात एकदम कुजबुज सुरू होते. तक्रार आधी कंपनीकडं लेखी करायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. त्यासाठी १४४४८ हा नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि बँक. आपल्या भागात पतसंस्थेलाही बँकच म्हणतात. "बँकेत ठेवलेत" असं सासूबाई सांगायच्या, तेव्हा मी स्वतः बँकेत नोकरीला असूनही कधी पावती मागून बघितली नाही. त्यांची ८०,००० ची ठेव एका पतसंस्थेत होती. ती संस्था अडचणीत आली आणि सासूबाई गेल्या तोवर त्यातले अकरा हजार परत आले होते. म्हणून सांगते, हे सत्र वगळू नका. बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या रकमेला, व्याज धरून, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाख होती. सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था येत नाही. पतसंस्थेवर देखरेख सहकार खात्याची, त्यामुळं तिथली तक्रार उपनिबंधकांकडं. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे वाटून ठेवले तरी विम्यासाठी ते एकच धरले जातात, हेही सांगा. निवृत्त लोकांना याचा धक्का बसतो. पतसंस्थेत ठेवूच नका असं मी कुणालाही सांगत नाही. चांगल्या चालवलेल्या पतसंस्था आपल्या जिल्ह्यात आहेत. पण जास्तीचा दीड टक्का आपल्याला कशाबद्दल मिळतोय, हे विचारून ठेवावं.

भिशीची चेष्टा करू नका. बारा जणी, हजार-हजार रुपये, दर महिन्याला एकीला बारा हजार. बिनव्याजी, बिनकागदी आणि वेळेवर. मुलीची फी, गौरी-गणपतीचा खर्च यासाठी याच्याहून सोपी व्यवस्था नाही. लिलावाची भिशी असेल, म्हणजे जी सगळ्यात कमी रकमेत उचलायला तयार तिला मिळणारी, तर मात्र चिंचोके परत काढा. बारा हजारांची भिशी साडेदहाला उचलली, तर ते दीड हजार हेच व्याज. आणि एक वही ठेवा, सगळ्यांच्या सह्यांची. भिशी बुडते तेव्हा कोर्टात दाखवायला एवढीच वही असते.

पासबुक वाचनाला एक अख्खं सत्र द्या. एकदा एका विधवा बाईंचा मुलगा वडिलांचं जुनं पासबुक घेऊन आला होता. मे महिन्यात ४३६ आणि २० रुपये कापलेले. "बँक असंच काहीबाही कापते," तो म्हणाला. ते ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता, कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी वारसाला दोन लाख. २० म्हणजे अपघाताचा विमा, तोही दोन लाखांचा. वडील हृदयविकारानं गेले होते, त्याला सात महिने झाले होते आणि घरात कुणाला काही पत्ता नव्हता. शाखेत दोन-तीन चकरा झाल्या, पण पैसे मिळाले. जीवनज्योतीत १८ ते ५० वयापर्यंत नाव घालता येतं, अपघात विम्यात ७० पर्यंत. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात पाचशे तरी ठेवा. नेमकी तेव्हाच वह्या-पुस्तकांची आणि गणवेशाची खरेदी आलेली असते आणि खातं कोरडं पडतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच मेच्या मधल्या आठवड्यात एक फेरी मारा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात घरात पाणी आलेल्या माणसांना कागदांबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. जाड प्लास्टिकची एक पिशवी, घरातल्या सगळ्या कागदांचे फोटो आणि प्रत्येक खात्याला वारस लावलाय का याची खात्री, एवढंच करून घ्या.

फोनवरच्या फसवणुकीसाठी वेगळं भाषण नको. "पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो" हे वाक्य प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांकडून म्हणवून घ्या. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन.

वेळेचं गणित मात्र नीट करा. गावात मी दुधाच्या बिलावर वर्ग लावते. बिल दर दहा दिवसांनी येतं, म्हणून सत्रंही दहा-दहा दिवसांनी. ठरवलेलं काम करून बघायला मध्ये एक बिल मिळतं. दुपारी दोन ते साडेतीन, कारण नंतर धारांची वेळ होते. इचलकरंजीत यंत्रमागावर शनिवारी पगार, तर रविवारी सकाळी वर्ग. तुमच्या पेठेत हे वेगळं असणार. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना पगार पहिल्या आठवड्यात, एमआयडीसीत जाणाऱ्यांना सात-दहा तारखेला, चपलांच्या वेण्या घालणाऱ्यांना नगावर आणि बहुतेक आठवड्याला. आधी आठ दिवस भागात फिरून नुसतं एवढंच विचारा की पैसा घरी कोणत्या वारी, कोणत्या तारखेला येतो. पैसा आलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस पैशाबद्दल मनापासून ऐकतो. पंचवीस तारखेला ऐकत नाही, आणि का ऐकावं? एका वर्गात पंचवीस जणींपेक्षा जास्त नकोत. आठ सत्रं, दीड-दीड तासाची. एकाच दिवसाचं शिबिर घेणार असाल तर पैसे राखून ठेवा, डॉल्बी तरी ऐकायला मिळेल.

मुलांकडे वळते. चौथी-पाचवीच्या मुलांना मातीचा गल्ला वाटून फोटो काढायचा मोह होईल. तो टाळा. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत मुलांचा आठवडी बाजार भरतो, मुलं भाजी, सरबत, भेळ विकतात. तोच तालमीच्या अंगणात भरवा, पण संध्याकाळी हिशोबाला बसा. बाजार दोन तासांचा, हिशोब अडीच तासांचा, असं समजा.

मागच्या वर्षी एका बाजारात पाचवीतल्या एका मुलीनं कांदाभजी विकली. दहा रुपये प्लेट, ३८ प्लेटा. डबा उपडा करून तिनं जाहीर केलं, "तीनशे ऐंशी रुपये नफा!" मग खर्च लिहायला बसलो. कांदे ६०, डाळीचं पीठ १५०, तेल ७०, कागदी प्लेटा २५. एकूण ३०५. उरले ७५. तोंड पडलं तिचं. शेजारचा मुलगा म्हणाला, "आणि गॅस?" गॅसचे पंधरा धरले, राहिले साठ. "आणि तळली कुणी?" असं मी विचारलं तर ती म्हणाली, "मम्मीनं. सकाळी दोन तास." आता तिथं शांतता. मग मागनं एक आवाज आला, "मम्मीला पगार दिला तर तोटाच हाय की." भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आया हसल्या, पण एकदोघी हसल्या नाहीत. मुलीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "पुढच्या टायमाला वीस रुपये प्लेट." त्यावर मघाचाच मुलगा, "वीसला कोण घेतंय तुझी भजी!" त्यापुढं मी काहीच शिकवलं नाही, दोघांचं भांडण चालू दिलं. त्या दहा मिनिटांत विक्री आणि नफ्यातला फरक, मजुरी, किंमत, गिऱ्हाईक सगळं येऊन गेलं.

सातवी-आठवीच्या मुलांना विजेचं बिल द्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क, एकेक ओळ लावायची. टक्केवारी शाळेत झालेली असते, पण ती घरातल्या कागदाला लावायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावचं बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सगळ्या बँकांना दिली आहे. अटी बँकेगणिक बदलतात, म्हणून शाखेत विचारायला मोठ्यांनी नाही, मुलांनीच जायचं. काउंटरवर प्रश्न विचारायची भीती वयाच्या बाराव्या वर्षी गेली तर चाळिसाव्या वर्षी कामाला येते.

कॉलेजच्या पोरांना दोन गोष्टी पुरेत. बिनव्याजी हप्त्यावरच्या मोबाईलची किंमत आणि त्याच मोबाईलची रोख सवलतीनंतरची किंमत शेजारी-शेजारी लिहायला लावा. आणि "तुझं खातं दोन महिने वापरायला दे, पाच हजार देतो" म्हणणाऱ्या मित्राबद्दल बोला. त्या खात्यात फसवणुकीचे पैसे येतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. तालमीतल्या वस्तादांनी हे सांगितलं तर माझ्यापेक्षा जास्त ऐकतील.

एक सावधगिरी. मुलांना घरातलं कर्ज वर्गात सांगायला लावू नका. मी एकदा ही चूक केली. एका मुलानं वडिलांनी कुणाकडून किती घेतलेत ते सगळ्यांपुढं सांगितलं आणि पुढच्या सत्राला तो आला नाही. मुलांना कागद द्यायचे ते बनावट नावांचे, आकडे खरे वाटतील असे.

आता वक्ता. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया. तिच्या कार्यालयात आर्थिक साक्षरता केंद्राबद्दल विचारा, त्यांची माणसं फुकट येतात. सरकारच्या उमेद अभियानाच्या किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटांबरोबर काम करणारी एखादी ताई भागात असेल तर ती पडद्यावर आलेख दाखवणाऱ्या साहेबांपेक्षा दसपट बरी. विमा एजंट, फंडाचे वितरक, प्लॉट विकणारे, यातलं कुणी "मी फुकट बोलतो" म्हणून आलं तर नमस्कार करून परत पाठवा. वर्गाच्या दिवशी जागेवर एकही फॉर्म भरला जाणार नाही, हा नियम दारावर लिहा.

आणि एक अवघड गोष्ट, रागावू नका. वर्ग सुरू करायच्या आधी तालमीचा यंदाच्या वर्गणीचा जमाखर्च बाहेरच्या फळ्यावर लावा. मूर्ती, मांडव, वीज, मिरवणूक, शिल्लक, सगळं. ज्या बाईनं १०१ रुपये वर्गणी दिली आहे तिला आपले पैसे कुठं गेले ते वाचता येऊ दे. पहिल्या सत्रात तिला म्हणा, या हिशोबाला तीन प्रश्न विचारा. कार्यकर्त्यांनी उभं राहून उत्तरं द्यायची. तुमच्यातले काहीजण याला नाही म्हणतील. तसं झालं तर कार्यक्रम पुढं ढकला, पण फळा लावूनच सुरू करा.

सहा महिन्यांनी हजेरीपट बघू नका. घरोघर जाऊन विचारा की सावकाराचं कुणाचं फिटलं, दोनदा कापला जाणारा विमा कुणी बंद केला, शाखेत जाऊन "हे कशाचं कापलं?" असं कुणी विचारलं. पंचवीसपैकी सात-आठ जणींनी यातलं एक जरी केलं असलं, तरी मी तो वर्ग चांगला धरते.

चिंचोके विकत आणू नका. उन्हाळ्यात चिंच फोडलेल्या कुठल्याही घरात पिशवीभर मिळतील. प्रत्येकीला दहा लागतात, पण बारा-बारा द्या, मांडीवरची पोरं दोन तरी पळवतातच.